मैदानाबाहेरचा खो

एखाद्याच्या चालत्या कामात कोणी विघ्न आणले, की आपण म्हणतो, 'त्याने खो घातला.' खरे पाहता ही बोली त्या खेळावर अन्यायच करते. खो-खोमध्ये खो देणे म्हणजे बसलेल्या गड्याला उठवणे, आपला पाठलाग विश्वासाने त्याच्या हवाली करणे. त्यात अडवणूक कुठे आहे? पण शाळांच्या सामन्यांना वर्षानुवर्षे उभा राहिल्यावर मला वाटू लागले आहे, की हा दुसरा अर्थ मैदानाबाहेर उभ्या असलेल्या आपणा मोठ्या माणसांकडे पाहूनच कोणाला तरी सुचला असावा.

पाऊस ओसरू लागला, की आमच्या कारंज्यात सामन्यांचे दिवस येतात. मैदानावर फक्कीच्या रेघा पडतात आणि रेघेबाहेर आईबाप, काका-मामा दाटीने उभे राहतात. मग सुरू होते, 'धर ना बे त्याले!' 'काऊन थांबला रे?' 'पंचाले दिसत नाही का?' गुरुमंदिरात तासभर रांगेत निमूट उभे राहणारे हेच सज्जन इथे दहा मिनिटांत ओळखू येईनासे होतात. फुटबॉल असो की कबड्डी, खेळ बदलतो, आरोळी तीच.

आपल्या देशी खेळांना शिस्त लावण्यासाठी पूर्वीच्या माणसांनी केवढे कष्ट घेतले! 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियम बांधून दिले. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या अमरावतीत हनुमान आखाडा सुरू झाला, तोच पुढचा हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. आणि 1936 साली तेथील मंडळींनी बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुषांनी व महिलांनी, दोघांनीही तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. पाटीवर कोणी कसे बसावे, वळावे कुठे, खो कसा द्यावा, सारे ठरले. बघ्याने कसे वागावे, हे मात्र प्रत्येकाच्या सद्बुद्धीवर सोपवलेले राहिले.

आणि या दोन खेळांत तर ते फारच महत्त्वाचे आहे. दोन्ही खेळ आवाजावर चालतात. कबड्डीत चढाई करणाऱ्या मुलाचा दम पंचाच्या कानी पडावा लागतो. खो-खोत आठ जण बसतात आणि नववा पाठलाग करतो. खो पाठीमागून येतो. पाठीवर हात आणि कानात शब्द. बसलेल्या मुलाने डोळ्यांवर नव्हे, कानावर आणि पाठीवर भिस्त ठेवायची असते. मैदानावर एवढ्या एका हाकेला अर्थ आहे, आणि नेमकी तीच आपल्या गलक्यात बुडते. मग मूल सवंगड्याचा खो ऐकायचे सोडून बापाच्या आवाजाकडे कान लावते. त्या क्षणी ते खेळातून उठले, असेच समजावे.

कोणी म्हणेल, एवढे काय त्यात? माया आहे म्हणून माणूस ओरडतो. हे अगदी खोटे नाही. एका सामन्यात माझ्या शेजारच्या गृहस्थाला मी हळूच थोपवू पाहिले, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, तुमचं बरं आहे. दहावीले खेळाचे गुण भेटतात. पुढं सरकारी नोकरीत खेळाडूले पाच टक्के जागा आहेत. माह्यं पोरगं दोन एकराच्या कपाशीतून सुटलं तर यातूनच सुटन. मी कसा गुमान बसू?"

या प्रश्नाला हसून टाळता येत नाही. ज्याचे घर भरलेले आहे त्याने निष्काम कर्म सांगावे आणि ज्याचे शेत दरवर्षी दगा देते त्याने ते ऐकावे, हा कुठला न्याय? त्याची आशा पवित्र आहे, असेच मी मानतो. पण आशा मोठी म्हणून आरोळीही मोठी हवी, हे मात्र पटत नाही. मी त्याला एवढेच विचारले, "पेरताना तिफणीमागे चौघे जण बैलांना हाका मारू लागले, तर तास सरळ जाईल का?" तो हसला. पुढच्या डावात पुन्हा ओरडलाच!

मुलाची हार आपल्याला आपली का वाटते? मला वाटते, माया आणि ममत्व यांतला फरक आपण विसरतो. ममत्वात 'मम' आहे, माझेपणा आहे. मायेला मूल हवे असते. ममत्वाला त्याचा विजय आपल्या नावावर हवा असतो. दिवाळीत मुलांनी मातीचा किल्ला करायला घ्यावा आणि बुरूज नीट नाही म्हणून बापाने तो स्वतःच बांधून काढावा, तसे हे आहे. किल्ला देखणा होतो खरा, पण मुले तोवर दुसरीकडे निघून गेलेली असतात.

हा रोग काही एकट्या वऱ्हाडाचा नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात 1999 साली मुलींच्या फुटबॉल सामन्यांना एक दिवस पालकांनी गप्प राहावे, असा प्रयोग केला गेला. तेवढा कडक उपास आपल्याला झेपणार नाही, आणि तो मला हवाही नाही. मुक्या मैदानावर मुलांनाही करमायचे नाही. टाळी द्यावी, पलीकडच्या शाळेच्या पोराने सुंदर सूर मारला तर त्यालाही द्यावी, कारण त्याचाही बाप कुठेतरी रेघेपाशी जीव मुठीत धरून उभा असतो. डाव चालू असताना हुकूम मात्र सोडू नये. आणि घामेजलेले मूल बाहेर आले की 'का हरलास?' या आधी 'भूक लागली का रे?' असे विचारावे.

आपण 'मुलाच्या पाठीशी आहे' असे म्हणतो. पाठीशी असणे म्हणजे त्याच्या पुढे धावणे नव्हे. योग्य वेळी पाठीवर हात ठेवावा आणि मग धावणे त्याच्यावर सोपवावे. खो-खोत मुले हे रोज करतात. आपल्याला ते त्यांच्याकडूनच शिकावे लागेल.