उपयोग संपल्यानंतरचा हक्क

हिपॅटायटिसच्या लशींसाठी अमेरिकेतील प्रयोगशाळांनी चिंपांझींना वर्षानुवर्षे पिंजऱ्यात ठेवले. २०१५ साली तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने असे संशोधन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. आज लुइझियानातील ‘चिम्प हेवन’मध्ये असे अनेक चिंपांझी झाडांच्या सावलीत वार्धक्य घालवितात. ही गोष्ट दूरची नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने कोव्हॅक्सिनची चाचणी २० माकडांवर केली होती आणि ती लस आपण नाशिककरांनीही टोचून घेतली.

काम संपलेल्या प्राण्याचे आपण काही देणे लागतो काय?

मानवी प्राण श्रेष्ठ आहे. गरजेपुरता प्राण्यांचा उपयोग शरीअतने वैध ठरविला आहे. परंतु उपयोगाची परवानगी म्हणजे मालकी नव्हे. मालक अल्लाह आहे, आपल्याकडे आहे ती अमानत. अश्रू ढाळणाऱ्या उंटाला प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी कुरवाळून शांत केले आणि त्याला उपाशी ठेवून राबविणाऱ्या धन्याला अल्लाहच्या भयाची आठवण करून दिली. इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (मृत्यू हिजरी ६६०) यांनी तर स्पष्टच लिहिले की, जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले, तरी त्याच्या चाऱ्यापाण्याचा खर्च धन्यावरच राहतो.

अमानत लाभाबरोबर संपत नाही. टांग्याचा थकलेला घोडा रस्त्यावर सोडून देणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. तो मुका जीव आज जाब विचारू शकत नाही. परंतु त्याचा निर्माता कियामतच्या दिवशी अवश्य विचारील.