कथेचा भूतकाळ, खडकाचा भूतकाळ

लोणारचे दैत्यसूदन मंदिर विष्णूने लवणासुराला मारल्याच्या कथेशी जोडलेले आहे. गावालगत बेसाल्ट खडकातले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे उल्काविवर आहे. इंग्रजी शिकणारा विद्यार्थी दोन्ही घटना एकाच साध्या भूतकाळात लिहितो: ‘विष्णू किल्ड’, ‘अ मिटिओराइट स्ट्रक’. व्याकरण हरकत घेत नाही. म्हणून दोन्ही विधाने एकाच अर्थाने खरी ठरतात का? मला तसे वाटत नाही. क्रियापदाचे रूप घटना कधीची एवढे सांगते. ती कशाच्या आधारे मानायची, याबद्दल ते गप्प असते. उल्केचा आधार धक्क्याने काचेसारख्या झालेल्या खनिजांत सापडतो. १९७३ साली ‘सायन्स’ नियतकालिकातील लेखाने तो मांडला. लवणासुरासाठी असा आधार भाविक मागतच नाही.

कोणी म्हणेल, मराठीतले ‘म्हणे’ हा फरक दाखवते आणि इंग्रजीत ‘इट इज सेड’ आहेच. खरे, पण दोन्ही ऐच्छिक. शिवाय ‘म्हणे’त अविश्वासाची छटा सहज शिरते. कीर्तनातल्या कथेला ‘इट इज सेड’ जोडणारा व्याकरणात चुकत नाही, पण श्रद्धेला अफवेच्या पंगतीला बसवतो. तिथे साधा भूतकाळच ठेवावा आणि आधी ‘इन द लेजेंड’ एवढेच लिहावे.