हो म्हणणारा आणि जाणारा

आजचा शास्त्रभाग: मत्तय 21:28-32
सोबत वाचा: याकोब 1:22-25



दोन मुलांचा हा दाखला संडे स्कूलपासून आपल्या ओळखीचा आहे. बाप दोघांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक नाही म्हणतो आणि नंतर जातो. दुसरा हो म्हणतो आणि जात नाही.

आमच्या हिवरखेडकडे ही गोष्ट घडली असती तर द्राक्षमळ्याच्या जागी संत्र्याचा बगीचा असता, नाहीतर पानपिंपळीचं वावर. बाप म्हणाला असता, आज लाइन रात्रीची आहे, ओलिताला जा. एक पोरगा म्हणाला असता, "मी नाई जात, लई थंडी हाये." आणि अर्ध्या तासाने कानाला मफलर गुंडाळून, टॉर्च घेऊन निघाला असता. दुसरा म्हणाला असता, "जातो ना बाबा, तुम्ही झोपा." आणि रजई ओढून मोबाईल बघत बसला असता. सकाळी बापाला कुणालाच काही विचारावं लागलं नसतं. माती ओली आहे की कोरडी, एवढं बघितलं की झालं.

मूळ ग्रीकमध्ये एक बारीक गोष्ट आहे. हो म्हणणारा मुलगा बापाला नुसतं "जातो" म्हणत नाही, तो बापाला आदराने हाक मारतो. तो शब्द आहे 'कुरिये'. आपण येशूला 'प्रभू' म्हणतो, तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे घरातला जास्त नम्र, जास्त गोड बोलणारा मुलगा हाच होता. मत्तय 7:21 मध्ये नुसतं प्रभू, प्रभू म्हणणाऱ्यांबद्दल येशू जे बोलतो, ते इथे गोष्टीच्या रूपात पुन्हा येतं. आणि हे तो मुख्य याजकांना आणि वडील मंडळींना ऐकवतो. धर्माचं बोलणं हे ज्यांचं रोजचं काम, त्यांनाच.

या दाखल्यावर उपदेश ऐकताना बहुतेक वेळा एकच निष्कर्ष निघतो: बोलण्याला किंमत नाही, करण्याला आहे. मला हे अर्धंच पटतं. बोलण्याला किंमत नसती तर प्रत्येक निरर्थक शब्दाचा हिशोब द्यावा लागेल असं येशूने सांगितलं नसतं (मत्तय 12:36). याकोब जिभेला जहाजाचं सुकाणू म्हणतो. सुकाणू लहान असतं, पण जहाज कुठे जाणार ते तेच ठरवतं. आपल्या मराठीत तर पवित्र शास्त्राच्या ओळीला 'वचन' म्हणतात आणि कुणाला दिलेल्या शब्दालाही 'वचन'च. वाचायचं तेही वचन आणि पाळायचं तेही.

दिलेला शब्द माणसाला कुठवर नेऊ शकतो, हे बघायला आपल्याला फार लांब जायची गरज नाही. 1893 च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. तो सभ्यपणे वागला, संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि निघताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. टिळकांना ते अर्थातच पटलं नाही. पण वाचीन असा शब्द त्यांनी दिला होता. पुस्तक सुरुवातीला आवडलं नाही, तरी दिल्या शब्दाखातर ते वाचत राहिले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि मग ते सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आपल्या उपासनेत आपण त्यांची गीतं गातो, त्याच्या मुळाशी डब्यातल्या अनोळखी माणसाला दिलेला एक शब्द आहे. त्या वेळी विश्वास नव्हता, ओढ नव्हती. होता तो फक्त शब्द पाळायचा प्रामाणिकपणा.

पण इथे थांबलो तर गोष्ट फार सोपी होईल. बाप्तिस्मा झाला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंना आधी काहीच ठाऊक नव्हतं. संसार मोडला, पुढची काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. त्या वाढल्या ते घर इतकं कडक सोवळ्याचं होतं की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. ख्रिस्ती होण्याला त्यांचं उत्तर स्वच्छ 'नाही' होतं. नवऱ्याकडे परत आल्या तेव्हासुद्धा सोवळं सांभाळूनच. वादात त्यांना कुणी जिंकलं नाही. हळूहळू त्यांना स्वतःलाच दिसू लागलं की माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही. मग ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्या हातचं त्या घेऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. आधी हात बदलले, तोंडाची कबुली मागाहून आली. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा माहीत नव्हती आणि ज्यांना लिहायवाचायला टिळकांनीच शिकवलं होतं. नाही म्हणून मळ्यात गेलेलं माणूस मला विचाराल तर हे.

आता आपल्याकडे वळू. पुण्यात, मुंबईत, नागपुरात पीजीवर राहणारे आपण. ग्रुपवर मेसेज येतो: आईचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा. आपण दोन हात जोडलेला इमोजी टाकतो, "प्रार्थनेत आठवण ठेवतो" लिहितो आणि पुढची रील बघतो. हे वाक्य 'जातो ना बाबा' याच जातीचं आहे. पलीकडे हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलेल्या पोरीने ते वाक्य खरं मानलेलं असतं, हे आपल्या लक्षात राहत नाही.

यावर एक प्रश्न हमखास येतो. मनातून ओढ वाटत नसेल तर प्रार्थना करणं हे ढोंगच नाही का? तरुण विश्वासणाऱ्यांना हा प्रश्न खूप छळतो आणि प्रामाणिक माणसालाच तो छळतो. मला वाटतं, ढोंग होतं ते बोलणं आणि करणं यांत फट पडते तेव्हा. वाटणं आणि करणं यांतली फट वेगळी. तिला ढोंग म्हणता येत नाही. ओलिताला गेलेल्या पोराला रात्री दोन वाजता गार पाण्यात उभं राहायला आवडत होतं असं थोडंच आहे? टिळकांना पहिली पानं आवडली नव्हती, तरी ती उलटली. मन अनेकदा पायांच्या मागून येतं. त्याची वाट बघत बसलं तर वावर कोरडंच राहणार.

मग दिलेला प्रत्येक शब्द पाळायचाच का? नाही. हेरोदाने मेजवानीत शब्द दिला आणि तो पाळण्यासाठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं तबकात आलं (मार्क 6). ज्या शब्दाची किंमत दुसऱ्या कुणालातरी स्वतःच्या जिवाने चुकवावी लागते, तो शब्द मोडावा आणि चारचौघांत लाज पत्करावी. हेरोदाला पाहुण्यांसमोरची तेवढी लाज सोसली नाही. आपले बहुतेक शब्द मात्र हेरोदासारखे भयंकर नसतात. त्यांना लागतात पाच मिनिटं, एक फोन, उसने घेतलेले पाचशे रुपये परत करणं.

म्हणून आज एवढंच करून बघा. गेल्या आठवड्यातल्या चॅट उघडा आणि "प्रार्थना करतो" कुणाकुणाला लिहिलंय ते वर सरकवत शोधा. नाव सापडलं की फोन उलटा ठेवा आणि तिथेच, बसमध्ये असाल तर बसमध्ये, ते नाव घेऊन प्रार्थना करा. मग त्या माणसाला फोन लावून विचारा, आई कशी आहे.

प्रार्थना: हे प्रभू, ज्यांना आम्ही हो म्हणालो त्यांची नावं आज आम्हांला आठवून दे. जिथे नाही म्हणून बसलोय, तिथूनही उठव. येशूच्या नावात, आमेन.