भिंतीवर न मावलेली नावं

वॉशिंग्टनमध्ये १९८२ साली उभ्या राहिलेल्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या ग्रॅनाइटवर ५८ हजारांहून जास्त नावं आहेत. क्रम हुद्द्याचा नाही, तारखेचा. एकाच दिवशी गेलेले अधिकारी आणि साधे शिपाई शेजारीशेजारी. विजयाची आरोळी नाही.

पण भिंतीला शेवटची तारीख लागते. युद्धाला ती नसते. एजंट ऑरेंजमुळे पुढे आजारी पडून गेलेले सैनिक त्या यादीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी २००४ साली जवळच एक फलक लागला, नावांशिवाय. व्हिएतनामी माणसं तर भिंतीवर नाहीतच. आणि लाओसच्या शेतांत १९६४ ते १९७३ दरम्यान पडलेले, न फुटलेले बॉम्ब अजून सापडतात.

कुणी म्हणेल, सगळ्यांनाच आठवायचं म्हटलं तर सैनिकाचं बलिदान झाकोळेल. मला उलट वाटतं. ज्या देशाला फक्त मेलेला सैनिक आठवतो, त्याला जिवंत परतलेला जड होतो. पुष्पचक्र एका दिवसाचं असतं. उपचार, पेन्शन आणि बॉम्ब काढणाऱ्यांचा पगार दरवर्षी द्यावा लागतो. खरी आठवण तीच.

२६ जुलैला कारगिलचं स्टेटस जरूर ठेवू या. सोबत एवढंही विचारू या: पाय गमावून परतलेल्या जवानाची फाइल आज कुठल्या टेबलावर आहे?