पैज एका मिसळीची

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे मी नीतिमत्तेवर बोलणार आहे आणि कॉमर्सच्या माणसाला नीतिमत्ता कोणी शिकवलेली नसते. त्याला ताळेबंद शिकवलेला असतो. दोन्ही बाजू जुळल्या की तो सुखानं झोपतो. शिवाय मी बँकेत आहे. तिथं मला हल्ली ‘असोसिएट’ म्हणतात. काम कारकुनाचंच आहे, पाटी तेवढी इंग्रजी झाली.

राहतो कोल्हापुरात. या गावात फुटबॉलवर बोलायला पात्रता लागत नाही, गप्प बसायला लागते. पेठांत तालमींचे संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की त्या दुपारी पासबुक भरून घ्यायला चिटपाखरू येत नाही. एरवी ज्यांना आपली शिल्लक तासाभरात बदलल्याचा संशय येतो, ते लोकसुद्धा त्या दिवशी आमच्यावर विश्वास टाकतात.

तर २०२५ च्या ऑगस्टात संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या रात्री पुतण्या मोबाइल नाचवत आला. तो युरोपातले सामने पहाटेपर्यंत बघतो आणि सकाळी कॉलेजात झोपतो.

“काका, संपलं! सगळ्या जगानं असंच करायला पाहिजे. पैजाच बंद केल्या तर सामना फिक्स करील कोण? गिऱ्हाईकच नाही, तर माल विकायचा कुणाला?”

वाक्य मला आवडलं. घराण्यात कॉमर्स रुजतंय असं वाटलं. पण बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस ‘संपलं’ या शब्दाला भितो. आमच्याकडे काही संपत नाही. या खात्यातून त्या खात्यात जातं, एवढंच.

आता आपल्याकडचंच बघा. मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा झाला १८८७ साली. त्यानंतर मटका आला, वाढला, आणि ओपन-क्लोज हे शब्द असे रुजले की आमच्या लहानपणी दुकानाच्या वेळा सांगतानासुद्धा लोक जरा आवाज खाली घेत. कायदा होता, आकडाही होता. नव्हती ती फक्त पावती.

पुतण्या म्हणाला, “ते मटक्याचं झालं. फुटबॉलचं बोला.”

मग मी त्याला इटलीला नेलं. तिथं त्या काळी फुटबॉलवर पैसे लावायची कायदेशीर सोय म्हणजे ‘तोतोकाल्चो’. एका कुपनावर तेरा सामन्यांचे निकाल ओळखायचे आणि नशिबाची वाट बघायची. एकट्या सामन्यावर पैज लावायला बंदी. म्हणजे पुतण्याला हवी तशी बंदी तिथं होतीच. मग ती पैज अर्थातच अंधारात लागायची आणि तिला नाव पडलं ‘तोतोनेरो’. नेरो म्हणजे काळा. रोममध्ये एक खानावळवाला होता आणि एक फळभाज्यांचा घाऊक व्यापारी. लाझिओ संघाचे खेळाडू त्या खानावळीत जेवायला येत. जेवता जेवता ओळख झाली, ओळखीतून व्यवहार झाला. या दोघांनी खेळाडूंना पैसे चारले आणि काळ्या बाजारात पैजा लावल्या. पण निकाल काही बोलीप्रमाणे लागेनात! दोघं कर्जात बुडाले. तेव्हा त्यांनी काय करावं? १ मार्च १९८० ला ते थेट सरकारी वकिलाकडे गेले आणि आमची फसवणूक झाली म्हणून तक्रार दिली.

खोटी नोट आणून ‘ही नीट छापलेली नाही’ अशी तक्रार करणारा ग्राहक माझ्या काउंटरला अजून यायचा आहे. आला तर त्याला मी खुर्ची देणार आहे.

त्याच महिन्यात पोलिसांच्या गाड्या स्टेडियमवर गेल्या आणि खेळाडूंना मैदानावरून उचललं. मिलान आणि लाझिओ हे दोन नामवंत संघ खालच्या श्रेणीत ढकलले गेले. पाओलो रोस्सीवर तीन वर्षांची बंदी आली, ती पुढे दोन वर्षांची झाली. आपण निर्दोष आहोत हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. बंदी उठली आणि १९८२ च्या विश्वचषकात त्यानं सहा गोल करून इटलीला कप मिळवून दिला. पण माझ्या कारकुनी मनाला चटका लावणारी गोष्ट निराळीच आहे. कोर्टात हे सगळे सुटले. कारण एकट्या सामन्यावर पैज घेणं कायद्याच्या बाहेर होतं, पण सामना विकणं हा गुन्हा असल्याचं कायद्यात कुठं लिहिलेलंच नव्हतं. तो कायदा झाला १९८९ साली. म्हणजे गिऱ्हाइकाला बंदी, दुकानदाराला मुभा.

“बरं,” पुतण्या म्हणाला, “पण बंदी नसती तरी त्यांनी हेच केलं असतं.”

केलं असतं. फक्त सापडले असते लवकर. १९१५ सालच्या गुड फ्रायडेला मँचेस्टर युनायटेडनं लिव्हरपूलला दोन-शून्यनं हरवलं. महायुद्ध सुरू झालेलं, मोसम संपल्यावर फुटबॉल थांबणार, पगार थांबणार, हे खेळाडूंना दिसत होतं. नेमक्या दोन-शून्य या निकालाला सातास एक भाव होता आणि नेमक्या त्याच निकालावर भरमसाट पैसे लागले. खेळ बघून प्रेक्षक वैतागले, पण वैतागून घरी गेले. हात धुऊन मागे लागले ते बुकी, कारण पैसा त्यांचा गेला होता. पुढे चौकशी झाली आणि दोन्ही संघांचे मिळून सात खेळाडू आजन्म बाद झाले. बुकी हा काही संत नव्हे. पण ऑडिटर तरी कुठं संत असतो? त्याच्याकडे वही असते. बंदी घातली की बुकी जात नाही, त्याची वही जाते. चीनमध्ये सरकारी लॉटरी सोडली तर फुटबॉलवरच्या पैजेला बंदीच आहे. तरी २०२४ च्या सप्टेंबरात तिथं त्रेचाळीस जणांना एकदम फुटबॉलमधून आजन्म बाहेर काढावं लागलं.

आणि जिथं पैजेचा संबंधच नाही, तिथं काय करणार? गोव्यात २००४ साली दुसऱ्या श्रेणीच्या शेवटच्या दिवशी दोन संघांना वर चढायचं होतं आणि निकाल गोलांच्या फरकावर येऊन ठेपला होता. दोघांचे सामने वेगवेगळ्या संघांशी. एक संघ जिंकला ५५-१. दुसरा ६१-१. नव्वद मिनिटं धरली तर दीड मिनिटाला एक गोल. त्यात चेंडू दर वेळी मध्यभागी आणून ठेवायचा वेळ वजा करा. गोलकीपर बहुधा कडेला उभा राहून मोजत असावा. मला मात्र कुतूहल आहे ते त्या दोन ‘एक’चं. साठ गोल खाणाऱ्या संघातल्या कुणाला तरी मध्येच खेळावंसं वाटलं! असोसिएशननं चारही क्लबांना वर्षभरासाठी घरी बसवलं.

“म्हणजे बंदी नकोच?” पुतण्या चिडला.

तसं मी म्हणत नाही. मोबाइलवर पगार उडवून कर्जाचे हप्ते थकवलेली पोरं माझ्या काउंटरसमोर उभी राहतात. बाप सोबत असतो आणि तो पोराकडे बघत नाही. त्यांची घरं वाचावीत म्हणून बंदी घालायची तर जरूर घाला. पण त्यानं फुटबॉल स्वच्छ होईल असं सांगू नका. ते खातं वेगळं आहे.

“पण काका, पैसे मिळत नसताना माणूस हरेल कशाला?”

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याला मात्र मी म्हणालो, “झोप आता. सकाळी कॉलेज आहे.”

चार वर्षांपूर्वी आमच्या शाखेत कॅरमची अंतिम फेरी होती. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्या वेळचे मॅनेजरसाहेब. माझं नाव बदलीच्या यादीत होतं. गाव सांगत नाही, तिथली माणसं चांगली आहेत. पण तिथून कोल्हापूर एका रात्रीत येत नाही. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगी दहावीत. साहेबांनी मला काही सुचवलं नव्हतं, डोळ्यांनीसुद्धा नाही. हे मुद्दाम नोंदवतो. तिसऱ्या बोर्डाला माझी शेवटची सोंगटी पॉकेटच्या अगदी तोंडाशी उभी होती. फुंकर मारली तरी पडली असती. मी नेम धरला आणि स्ट्रायकर असा सोडला की सोंगटी जागच्या जागी राहिली आणि स्ट्रायकरच आत गेला.

साहेब जिंकले. टाळ्या झाल्या. माझी बदली रद्द झाली. कदाचित ती होणारच होती. ते मला कधीच कळणार नाही, आणि विचारणार तरी कुणाला?

आमच्या शाखेतले शिपाईमामा जिन्यात भेटले. मी जिंकणार म्हणून त्यांनी हेडकॅशियरशी एका मिसळीची पैज लावली होती, हे मला तिथं समजलं. साऱ्या शाखेत पैज लावणारा हा एकटा माणूस, आणि अख्खा सामना नीट बघणाराही हाच एकटा.

“सायेब,” मामा म्हणाले, “ती सोंगटी म्या बी घातली असती.”

“हात घसरला, मामा.”

“व्हय,” ते म्हणाले आणि चहाचे कप उचलायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मिसळीला घेऊन गेलो. मिसळ त्यांनी मन लावून खाल्ली, कट दोनदा मागून घेतला, पण पैसे मला देऊ दिले नाहीत. माझेही तेच भरून मोकळे झाले. तेव्हापासून स्पर्धा जवळ आली की टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता विचारतात, “यंदा खरं खेळणार न्हवं?”

कालच स्पर्धेचा कागद बोर्डावर लागला. मी नाव दिलं आहे. आमच्या नव्या मॅनेजरबाईंनीही दिलं आहे. मामांनी अजून कुणावर पैज लावलेली नाही.