‘इथेच’ आणि ‘म्हणे’ : स्थलदर्शनातील कथनाची नीती

ऐतिहासिक गाव दाखविणाऱ्या माणसाचे बोलणे हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न कोणी केला तर तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. बखर, पोवाडा, कीर्तन, स्थलमाहात्म्य या कथनप्रकारांची चर्चा आपण गांभीर्याने करतो. सिंदखेडराजाच्या वाड्यापुढे किंवा लोणारच्या विवराच्या काठावर उभा राहून अर्ध्या-पाऊण तासात चार शतके (लोणारला तर चार युगे) सांगून मोकळा होणारा मार्गदर्शक मात्र आपल्या कथनमीमांसेच्या कक्षेत येत नाही. गावात त्याला ‘गाईड’ म्हणतात. शाळा सुटल्यानंतर सामान्य माणसाच्या कानावर इतिहास म्हणून जे काही पडते, त्याचा बराच भाग याच्या तोंडून आलेला असतो. आणि तो नुसती माहिती देत नाही. तो एका विशिष्ट जागी उभे करून विश्वास ठेवायला लावतो. त्या विश्वासाची जबाबदारी कोणाची, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न बुलडाणा जिल्ह्यातून विचारण्याला कारण आहे. सिंदखेडराजा, लोणार आणि मेहकर ही तीन गावे एका दिवसाच्या सहलीत पाहून होतात. पण पहिल्या ठिकाणी सांगायचा असतो तो इतिहास, दुसऱ्या ठिकाणी पुराण आणि भूशास्त्र एकमेकांत मिसळलेले, आणि तिसऱ्या ठिकाणी निव्वळ लोककथा. तिन्ही ठिकाणी सांगणाऱ्याचा स्वर मात्र एकच असतो. सत्याच्या तीन निरनिराळ्या जाती एकाच स्वरात सांगितल्या जातात, येथे नीतीचा प्रश्न सुरू होतो.

या स्वराची घडण दोन शब्दांवरून ध्यानात येते. पहिला शब्द ‘इथेच’. मार्गदर्शकाच्या कथनातील ही मूळ क्रिया आहे : बोट दाखविणे. डीन मॅकॅनेल यांनी ‘द टूरिस्ट’ (१९७६) या ग्रंथात दाखविले आहे, की कोणतेही स्थळ स्वतःहून ‘प्रेक्षणीय’ नसते. ‘हेच ते’ असे सांगणारी खूण त्याला जोडली गेल्यावर ते प्रेक्षणीय होते. दुसरा शब्द ‘म्हणे’. ‘म्हणणे’ या धातूचे हे रूप मराठीत आता क्रियापद राहिलेले नाही, ते अव्ययासारखे चालते. ‘तो काल आला म्हणे’ या वाक्यात बोलणारा बातमी देतो आणि त्याच वेळी ती आपण पाहिलेली नाही, ऐकलेली आहे, हेही नोंदवितो. एवढी प्रामाणिक सोय एका दोन अक्षरी शब्दात असणे हे मला आपल्या भाषेचे वैभव वाटते. स्थलदर्शनाच्या कथनात या दोन शब्दांचे नाते व्यस्त आहे. ‘इथेच’चा जोर वाढला की ‘म्हणे’ गळून पडते.

सिंदखेडराजाचेच उदाहरण घेऊ. येथे रंगमहाल दाखवितात आणि रंगपंचमीची गोष्ट सांगतात. लहानग्या शहाजी-जिजाऊंनी एकमेकांवर रंग उधळला. लखुजी जाधवराव कौतुकाने म्हणाले, जोडा शोभतो. मालोजी भोसल्यांनी भर सभेत तो शब्द धरला आणि सोयरीक झाल्याचे जाहीर केले. ही कथा बखरींतून आली. ग्रँट डफच्या १८२६च्या इतिहासात ती आहे. आणि तेथून ती पाठ्यपुस्तके, नाटके, चित्रपट यांत पसरली. शिवकालीन कवी परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा विवाह आहे, ही थट्टा नाही. दोन मातब्बर घराण्यांचा संबंध मुलांच्या खेळातून जुळला, हे मानणे अभ्यासकांना जड जाते ते उगीच नव्हे. ही शंका मार्गदर्शकाजवळ बोलून दाखविली तर उत्तर म्हणून बहुधा महालाकडे बोट दाखविले जाते. महाल समोर आहे. म्हणजे गोष्ट खरी. दगडाचे प्रामाण्य कथेला उसने मिळते. तर्कशास्त्रात याला जागा नाही, पण श्रोत्याच्या मनात ते अचूक बसते, कारण त्याच्या पायाखाली तीच फरसबंदी असते.

त्याच गावात लखुजी जाधवरावांची भव्य समाधी आहे. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारी लखुजी आणि त्यांचे पुत्र दगाबाजीने मारले गेले. निजामशाही आणि मोगल यांच्यामध्ये त्यांनी केलेली ये-जा, एकाच वेळी दोन सत्तांच्या संशयात सापडलेल्या सरदाराची कोंडी, बाप आणि भाऊ असे गमावणारी मुलगी, ही सामग्री रंगपंचमीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. पण समाधीपाशी कथन आटोपते होते. कारण उघड आहे : निष्ठेची गुंतागुंत ‘इथेच’ असे म्हणून दाखविता येत नाही. मार्गदर्शकाच्या पदरचा मालमसाला आपल्याला खटकतो. मला त्याहून गाळलेला भाग अधिक गंभीर वाटतो. मसाला ओळखता येतो; गाळलेले ओळखायला आधी ते माहीत असावे लागते. रोलाँ बार्थने ‘मायथॉलॉजीज’मध्ये (१९५७) एका प्रसिद्ध प्रवासमार्गदर्शिकेवर असा आक्षेप घेतला होता, की तिच्यात वास्तू तेवढ्या उरतात आणि माणसे नाहीशी होतात. आपल्याकडे हा आक्षेप उलटा लागू पडेल. आपल्या मार्गदर्शकाच्या कथनात वीरपुरुष, देवी, राक्षस एवढेच उरतात. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंतीवरील शिल्पकाम पाहण्याइतकी उसंत तो क्वचितच देतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतला जाणे योग्यच आहे. पोटासाठी उन्हात उभ्या राहणाऱ्या माणसाकडून विद्यापीठीय साधनचिकित्सेची अपेक्षा करणे हा एक प्रकारचा उद्दामपणा नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर आपल्याच प्रमाणमीमांसेत मिळते. कोण बोलला हे ठाऊक नसलेली, तोंडोतोंडी चालत आलेली वार्ता म्हणजे ‘ऐतिह्य’. हा शब्द ‘इति ह’ या दोन पदांपासून बनला आहे, आणि ‘इतिहास’ या शब्दाची परंपरागत व्युत्पत्तीही ‘इति ह आस’ अशीच देतात. मराठीत ‘असे म्हणे होते’ असे तिचे भाषांतर केले तर फारसे चुकणार नाही. म्हणजे इतिहासाच्या नावातच ‘म्हणे’ बसलेले आहे. पौराणिकांनी ऐतिह्य हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते वेगळे न मानता शब्दप्रमाणात घातले, म्हणजेच त्याचे प्रामाण्य बोलणाऱ्याच्या आप्तपणाला बांधले. आप्त कोण? ज्याने वस्तू जाणली आहे आणि ती जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे न्यायभाष्यकार वात्स्यायन स्पष्ट सांगतो. तेव्हा आप्तपणाला पदवी लागत नाही. ‘जशी जाणली तशी’ एवढी अट मात्र लागते. ऐकलेले ऐकले म्हणून सांगणारा अशिक्षित माणूस आप्त ठरतो, आणि ऐकलेले पाहिल्यासारखे सांगणारा प्राध्यापक ठरत नाही.

मराठीने मात्र ‘आप्त’ या शब्दाचा अर्थ बदलून टाकला. आपल्याकडे आप्त म्हणजे नातलग. स्थानिक मार्गदर्शक या दुसऱ्या अर्थानेही आप्त असतो : तो गावाचा आणि म्हणून गावाच्या कथेचाही नातेवाईक असतो. सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी लांबलांबून येणारा समुदायही याच अर्थाने आप्त आहे. त्याला जिजाऊंविषयी ‘म्हणे’ लावून बोललेले कसे चालेल? आईविषयी कोणी ‘म्हणे’ लावत नाही. शिवाय हा शब्द वाक्यात कुठे येतो यावर त्याचा भाव ठरतो. शेवटी आला तर तो सावध असतो, आरंभी आला (‘म्हणे, मोठा विद्वान!’) तर तो कुचेष्टा करतो. साधनचिकित्सकाचा सावधपणा समुदायाला कुचेष्टेसारखा ऐकू येतो तो काही केवळ अडाणीपणामुळे नव्हे. भाषेतच त्या दोहोंमध्ये फार अंतर नाही.

याचे विदारक उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. जेम्स लेन यांच्या २००३ साली प्रकाशित झालेल्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकातील एका विधानाने संताप उसळला आणि जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन ग्रंथ आणि हस्तलिखिते यांची नासधूस झाली. ते विधान लेखकाने लोक असे विनोदाने बोलतात, या आधारावर दिले होते. म्हणजे ‘म्हणे’चाच आश्रय घेतला होता. पोथ्यांवर हात टाकणाऱ्यांचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. पण अभ्यासकांनी त्या वेळी दुसऱ्या बाजूचा विचार पुरेसा केला असे मला वाटत नाही. ‘म्हणे’ हे उत्तरदायित्वातून सुटण्याचे साधन नाही. कोण म्हणते, कोठे म्हणते, कशासाठी म्हणते, हे सांगितल्याशिवाय उच्चारलेले ‘म्हणे’ प्रामाणिक तर नाहीच, ते भ्याडही आहे.

तेव्हा नावासकट ‘म्हणे’ उच्चारणारे कथन मराठीत आहे काय? आहे, आणि फार जुने आहे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत नष्ट झाल्यावर हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्या वेळी ज्यांचे स्मरण वेगळे पडले त्यांचा पाठ बाद न करता तो त्यांच्या नावानिशी शेजारी नोंदविला गेला. महानुभाव या पाठभेदाला ‘वासना’ म्हणतात. ज्यांच्यासाठी प्रत्येक लीळा मोक्षाइतकी मोलाची होती, त्या माणसांनी ‘अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे’ म्हणण्यात श्रद्धेला धोका मानला नाही, हे विसरण्यासारखे नाही. याच परंपरेतील ‘स्थानपोथी’ हा तर मराठीतील स्थलदर्शनाचा आद्य ग्रंथच म्हणावा लागेल. चक्रधरस्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेच्या सोप्यात राहिले, बसले, निजले, याची ती शुष्क वाटावी इतकी काटेकोर नोंद आहे. लोणार आणि मेहकर या दोन्ही गावांना चक्रधरांच्या भ्रमणात स्थान आहे. हा ग्रंथ संपादून अभ्यासकांच्या हाती देणारे डॉ. वि. भि. कोलते हेही मलकापूर तालुक्यातील नरवेलचे, म्हणजे याच जिल्ह्यातले.

‘स्थानपोथी’ आणि आजचा मार्गदर्शक यांची तुलना केली की एक मूलभूत भेद लक्षात येतो. ‘स्थानपोथी’चा वाचक लीळा मनात घेऊन निघालेला असतो, त्याला फक्त जागा हवी असते. म्हणून तेथे ‘इथेच’ पुरेसे होते, कथा सांगावी लागत नाही. आजचा पर्यटक जागांची यादी घेऊन निघालेला असतो आणि त्याला कथा हवी असते. यात्रेकरू मार्गदर्शकाला तपासू शकतो, पर्यटक तपासू शकत नाही. आपल्या मार्गदर्शकाचे सारे दोष त्याच्या अंगचे आहेत, असे म्हणून म्हणूनच भागत नाही. ऐकणाऱ्याच्या रिकामपणाने त्याच्यावर नको इतकी सत्ता सोपविली आहे. आणि ऐकणारा बक्षिशी देतो ती सर्वांत रंगीत गोष्टीला.

लोणारला या सत्तेची परीक्षा वेगळ्या रीतीने होते. लवणासुर आणि दैत्यसूदन विष्णू यांची कथा सांगून झाल्यावर मार्गदर्शक उल्कापाताकडे वळतो, आणि येथे त्याच्या आवाजात नवे बळ येते, कारण आता शास्त्र पाठीशी असते. बेसाल्ट खडकातले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदविले. ते ज्वालामुखीचे असावे असे दीर्घ काळ मानले जाई. आघाताचा निर्णायक पुरावा १९७३ मध्ये पुढे आला. त्याचे वय पुष्कळ वर्षे सुमारे ५२,००० सांगितले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉन-कालमापनाने ते ५,७०,००० वर्षे, अधिक-उणे ४७,००० वर्षे, असे ठरविले. मार्गदर्शक बहुधा जुना आकडा सांगतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही; पुस्तकांतून आणि लेखांतून तोच सर्वत्र आहे. खरी अडचण ही, की दोन्हींपैकी कोणताही आकडा तो लवणासुराच्या कथेइतक्याच ठामपणे सांगतो. शास्त्रज्ञ अधिक-उण्याचे चिन्ह लावतात, ते त्यांचे ‘म्हणे’ आहे, आणि त्याची मर्यादाही ते मोजून देतात. लोकांपर्यंत येताना पहिल्यांदा गळते ते हेच चिन्ह. पुराणाची जागा शास्त्राने घेतली म्हणून कथनाची रीत बदलली, असे होत नाही. होकायंत्राची सुई दगडाजवळ हलताना दाखवून तो दगड उल्केचा असल्याचे पटविले जाते तेव्हा तर शास्त्रच चमत्काराच्या कामाला लागते; लोहखनिज असलेल्या आपल्या काळ्या दगडाजवळ सुई तशीही हलू शकते.

राहिले मेहकर. शारंगधर बालाजीच्या दर्शनाला येणारे पुष्कळ; कंचनीच्या महालाकडे वळणारे थोडे. ना. घ. देशपांडे यांच्यासारखा कवी या गावात राहिला आणि त्यांच्या एका संग्रहाने हेच नाव धारण केले, म्हणून मराठीच्या वाचकाला तरी ते परिचित असावे. प्रचलित कथा अशी, की कंचनी या नर्तकीला लोणारच्या कमळजादेवीच्या देवळातला दिवा आपल्या महालावरून दिसावा अशी इच्छा झाली, महाल उंच चढविला गेला, देवी कोपली आणि सारे जागच्या जागी थांबले. या कथेला शिलालेखाचा आधार कोणी मागत नाही. तिच्यात अपरिहार्यपणे ‘म्हणे’ येते, आणि ते सांगणाऱ्याच्या तोंडी शोभतेही. नर्तकीने देवीकडे वर मान करून पाहू नये, हा तिच्यातला जुना निवाडा मात्र कोणी सहसा बोलून दाखवीत नाही. तो ‘शाप’ या शब्दात गुंडाळून पुढे जातो.

तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. कमळजादेवीचे देऊळ विवराच्या काठावर नाही, विवराच्या आत, सरोवराच्या कडेला आहे. काठापासून जवळजवळ दीडशे मीटर खाली. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या मेहकरात महाल कितीही मजले चढविला तरी तेथला दिवा दिसणे शक्य नव्हते. ज्याने लोणार आधी पाहिले आहे त्याला हे कोणी न सांगता कळते, आणि मग शाप अनावश्यक होऊन कथा अधिक करुण होते. ज्याने मेहकरच आधी पाहिले, त्याला मार्गदर्शकाने हे सांगावे, की लोणारला गेल्यावर त्याचे त्याला उमगू द्यावे, याविषयी माझा निर्णय अजून झालेला नाही.