एकाग्रतेविषयीं एक जपानी शंका

एकाग्रता हा सद्गुण कीं नुसती शक्ति, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाहीं. परीक्षा जवळ आली म्हणजे घरोघर मुलांना द्रोणाचार्यांची कथा ऐकावी लागते: अर्जुनास झाड दिसलें नाहीं, पक्षी दिसला नाहीं, दिसला फक्त डोळा. (मूळ आदिपर्वांत तें पक्ष्याचें मस्तक आहे, लोकांच्या तोंडीं त्याचा डोळा झाला.) कथा इतकी पाठ झाली आहे कीं, त्या न दिसलेल्या झाडाकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. आम्हांस त्याची आठवण जपानी भाषेनें करून दिली.

जपानी माणूस मन लावण्यास एरवीं 'शूचू सुरु' म्हणतो. 'सुरु' म्हणजे करणें. 'शूचू' हा शब्द दोन चिन्हांनीं लिहितात, एकाचा अर्थ गोळा होणें, दुसऱ्याचा मध्य. नीतीच्या दृष्टीनें तो अगदीं कोरडा आहे. थोड्या जागेंत एकाएकीं कोसळणाऱ्या मुसळधार पावसासही तोच लावतात. त्याहून बोलके शब्द निराळे. खेळांत देहभान विसरलेलें मूल 'मुचू' झालें म्हणतात, अक्षरशः 'स्वप्नांत'. कामांत गढून जाणें तें 'बोत्तो', म्हणजे डोकें बुडविणें. आणि लक्ष उडालें म्हणजे 'की गा चिरु'. यांतील 'की' म्हणजे चित्तवृत्ति, आणि 'चिरु' हें क्रियापद चेरीच्या पाकळ्या गळून विखुरतात त्यांचें.

पण विचार करावयास लावणारा शब्द आपल्याच घरचा आहे. 'समाधि' हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गें जपानांत गेला आणि तेथें 'सान्माइ' झाला. समासांत त्याचा 'झान्माइ' होतो. ग्रंथांत बुडालेल्याची ती 'दोकुशो झान्माइ', म्हणजे वाचनसमाधि. परंतु ऐषआरामांत लोळणाऱ्याची 'झेइताकु झान्माइ', म्हणजे चैनीची समाधि, हेंही तितक्याच सहजपणें म्हणतात! शब्दाचें हें पतन आहे असें कोणास वाटेल. आम्हांस तो भाषेचा प्रामाणिकपणा वाटतो. आपण अशा ठिकाणीं 'बकध्यान' म्हणून सुटका करून घेतों. वस्तुतः बगळ्याचें ध्यान खोटें नसतें, खोटें असतें तें त्याचें साधुत्व. ध्यान किती खरें आहे तें माशाला विचारावें.

१७ व्या शतकांत ताकुआन सोहो (१५७३–१६४५) या झेन भिक्षूनें ('झेन' हेंही मूळचें आपलें 'ध्यान'च) शोगुनचा तलवारगुरु याग्यू मुनेनोरी यास एक दीर्घ पत्र लिहिलें. त्यांत तो सांगतो कीं, मन कोठेंच थांबूं देऊं नये. प्रतिपक्ष्याच्या तलवारीवर तें ठेवलें कीं ती तलवारच तें हिरावून घेते. झाडाच्या एका तांबड्या पानावर दृष्टि खिळली तर बाकीचीं पानें दिसत नाहींत; सहस्रभुज कान्नोनचें, म्हणजे अवलोकितेश्वराचें, मन एका हातावर थांबलें तर उरलेले ९९९ हात निरुपयोगी. मन एके जागीं धरून ठेवणें ही त्याच्या मतें नवशिक्याची पायरी. चिमणीचें पिलूं धरील म्हणून मांजराला दोरीनें बांधून ठेवावें, तशी.

शिकणाऱ्यास दोरी हवीच. शाळेंतल्या मुलास ताकुआन वाचून दाखवावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण दोरी कायमची झालेले प्रौढ गृहस्थ आपण रोज पाहतों. कचेरीच्या कामांत, ग्रंथांत, समाजकार्यांतही ते 'बोत्तो' असतात; घरांत कोण आजारी आहे, पत्नीनें बोलणें कधीं सोडलें, हें त्यांस दुसऱ्या कोणी सांगावें लागतें. त्यांची आपण स्तुति करतों. त्यांना न दिसलेल्या पानांचा हिशेब मात्र दुसरेंच कोणी चुकवीत असतें. ताकुआनच्या उपायानेंही हा प्रश्न सुटतो असें नाहीं. त्याचें पत्र शेवटीं तलवार चालविणाऱ्यास होतें, आणि कोठें न थांबणारें मनही वार कोणावर करावा हें सांगत नाहीं.

द्रोणांच्या त्या परीक्षेंत युधिष्ठिरास झाड, गुरु, भाऊ, पक्षी सर्व कांहीं दिसत होतें, आणि म्हणूनच त्यास बाजूस सारण्यांत आलें. पुढें द्यूतसभेंत हाच युधिष्ठिर फांशांत 'मुचू' झाला. नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग तो स्वतः, आणि शेवटीं द्रौपदी, अशीं सर्व एकामागून एक पणास लागलीं. द्रोण सभेंत होते. त्यांस घाम फुटला, पण डाव थांबविण्यास ते उठले नाहींत.